बुटाला लावायचा सेन्सर: पळण्याची ढब आणि किलोमीटर मोजायला कितपत उपयोगी?

मांजराकाठ (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. मी शाळेत शिकवते आणि पहाटे पळते. हिवाळ्यात मुकुंदराजांच्या रस्त्यानं चढउतार करते. एप्रिल-मे मध्ये सातलाच ऊन चटके देतं म्हणून जिममधल्या ट्रेडमिलवर, आणि पावसाळ्यात जिथं चिखल नसेल तिथं, म्हणजे बहुतेक कॉलेजच्या मैदानावर गोल गोल. जागा बदलली की किलोमीटरचा हिशेबही बदलतो. ट्रेडमिल ५ म्हणते तेव्हा हातातलं घड्याळ ४.३ दाखवतं, आणि मैदानावर फेऱ्या मोजल्या तर तिसराच आकडा निघतो.

नडगी दुखायला लागली तेव्हा फिजिओंनी पहिला प्रश्न विचारला, "आठवड्याला किती पळता? गेल्या महिन्यात किती होतं?" अगदी रास्त प्रश्न. पण उत्तर द्यायचं तर त्या तीनपैकी कोणता आकडा धरायचा?

म्हणून बुटाच्या लेसला लावतात तो सेन्सर, फूटपॉड, घ्यायचा विचार आहे. तो किलोमीटर मोजतो, शिवाय पावलांची गती, पाय जमिनीवर किती वेळ टेकतो, असलं बरंच काही सांगतो म्हणे. साध्या पळणाऱ्याला ही ढबीची माहिती कामाची आहे का? आपल्याकडच्या काळ्या मातीत तो टिकतो का? माझं मत एवढंच, की मोजमाप धड नसेल तर वाढ किती करायची आणि थांबायचं कुठं हे ठरवता येत नाही. वापरणाऱ्यांनी सविस्तर लिहा.

सिडकोकर

ताई, मी वापरतो. संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात आणि गोगाबाबा टेकडीकडे पळणं असतं.

आधी तो मोजतो कसा ते सांगतो, म्हणजे विश्वास कुठं ठेवायचा ते कळेल. आत त्वरण मोजणारी आणि वळण मोजणारी अशा दोन बारीक चिप असतात, ॲक्सेलेरोमीटर आणि जायरोस्कोप. पाऊल हवेत असताना ते किती वेगानं पुढं गेलं याची बेरीज सेन्सर करतो. अशा बेरजेत चूक साठत जाते. पण पळताना प्रत्येक पाऊल क्षणभर जमिनीवर स्थिर होतं, तेव्हा वेग शून्य. त्या क्षणी सेन्सर हिशेब पुन्हा शून्यावर आणतो आणि पुढचं पाऊल नव्यानं मोजतो. म्हणून बुटावरचा सेन्सर मनगटावरच्या घड्याळापेक्षा सरस. मनगट कुठंच स्थिर होत नाही. ट्रेडमिलवर घड्याळ हात हलण्यावरून अंदाज बांधतं. कठड्याला हात धरला की अंतर घटलंच म्हणून समजा.

उघड्या रस्त्यावर, म्हणजे दौलताबादकडे वगैरे, घड्याळाचं जीपीएस अंतरासाठी पुरेसं चांगलं आहे. फक्त त्या क्षणाचा वेग ते नीट दाखवत नाही, आकडा सारखा खालीवर होतो. झाडीत किंवा मैदानाच्या गोल फेऱ्यांत तर फारच. तिथं फूटपॉड कामाला येतो.

हुरडापार्टी (जालना)

चपलेला बसतो का हो? आमच्या मोती तलावावर निम्मी जनता चपलेवरच वेगात असते.

सिडकोकर

@हुरडापार्टी, लेस नसेल तर क्लिप धरत नाही. पट्ट्याच्या सँडलला अडकवता येईल, पण हलत राहिला तर आकडे वाया. बुटावर तो गच्च बसलेला असला पाहिजे आणि रोज लेसच्या त्याच ओळीत. बूट बदलला की जागा तपासायची.

पायवाट (धाराशिव)

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्टच मांडतो. पळणं हा जगातला सगळ्यात स्वस्त व्यायाम. त्याला आधी घड्याळ आलं, मग छातीचा पट्टा, आता बुटाला यंत्र. धावपटू अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. लहानपणी शाळेला सहा किलोमीटर चालत-पळत जायचा. त्याच्या पायाला कोणता सेन्सर होता? अनुभवी कोच शेजारी उभा राहिला तर दोन फेऱ्यांत तुमची ढब सांगतो. ताईंनी तेवढे पैसे चांगल्या बुटात आणि फिजिओत घालावेत.

मांजराकाठ

पायवाट दादा, कोच असता तर प्रश्नच नव्हता. आमच्या गावात भरतीच्या मुलांना सर आहेत. चाळिशीतल्या बाईची ढब बघायला कोण येणार?

भरती_२० (बीड)

मी भरतीची तयारी करायलोय. आमच्या ग्राउंडवर पोरं म्हणायलेत की भरतीत पायाला चिप लावतेत तीच ही. तसं आसंल तर आधीच घिऊन सराव करावा का? लई महाग हाय का?

जुना_ओव्हरसियर (लातूर)

@भरती_२०, बाळा, ते वेगळं आणि हे वेगळं. भरतीत किंवा मॅरेथॉनला लावतात तो आरएफआयडी टॅग. तो स्वतः काहीच मोजत नाही. तू रेषेवरून गेलास की तिथला अँटेना त्याचा नंबर वाचतो आणि वेळ टिपतो. वेळ टिपण्यात माणसाचा हात राहत नाही, एवढाच त्याचा उपयोग. तुझं पाऊल कसं पडतं हे त्याला माहीत नसतं.

आणि तुला फूटपॉडची गरज नाही. का ते आकड्यांत सांगतो. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर, ५ मिनिटं १० सेकंदांत पूर्ण केलं तर २० पैकी २०. फूटपॉड उत्तम जुळवलेला असला तरी एक टक्का इकडं तिकडं होऊ शकतो. १६०० मीटरचा एक टक्का म्हणजे १६ मीटर, तुझ्या वेगानं तीन सेकंद. तेवढ्यात गुण जातात. तुला पाहिजे मोजलेला ट्रॅक आणि साधं स्टॉपवॉच.

पण मोजलेला म्हणजे खरंच मोजलेला. ४०० मीटर हे पहिल्या लेनचं अंतर, तेही आतल्या कठड्यापासून ३० सेंटीमीटर बाहेर धरून. लेनची रुंदी १.२२ मीटर. दुसऱ्या लेनमधून पळालास तर दर फेरीला सात मीटर वाढतात. चार फेऱ्यांत २८ मीटर झाले, म्हणजे जवळजवळ साडेपाच सेकंद. पोरं घोळक्यात बाहेरून पळतात आणि वेळ वाढली म्हणून हताश होतात. फक्की मारलेलं मैदान असेल तर एकदा टेप लावून बघा. मी नोकरीत आयुष्यभर रस्ते मोजले, आता मैदानं मोजतो. आजवर बघितलेल्यांपैकी निम्मी मैदानं चारशेची नव्हती.

भरती_२० (बीड)

सर लई उपकार. उद्याच सरांना टेपचं सांगतो. आमी सगळे बाहेरूनच पळायलोत.

गोदाकाठ (नांदेड, सध्या पुणे)

थोडं अवांतर. बुटात यंत्र बसवायची कल्पना नवी नाही. १९८४ मध्ये ॲडिडासनं मायक्रोपेसर नावाचा बूट काढला होता, डाव्या बुटाच्या पुढच्या भागात सेन्सर आणि लेसवरच्या झडपेवर आकड्यांचा पडदा. १९८६ मध्ये पुमानं आरएस कॉम्प्युटर काढला, त्याच्या टाचेत सर्किट. घरी येऊन बूट वायरनं कॉम्प्युटरला जोडायचा. २००६ ला नायकी आणि ॲपल एकत्र आले. डाव्या बुटाच्या तळव्याखाली खाच, त्यात लंबगोल सेन्सर, आणि आकडे आयपॉडवर. त्याची बॅटरी बदलता यायची नाही, संपली की सेन्सर टाकायचा. मला तो कॉलेजात असताना एका नातेवाइकानं दिला होता. नायकीचे बूट परवडत नव्हते, म्हणून आईनं लेसवर कापडी खिसा शिवून दिला. विष्णुपुरीच्या रस्त्यावर त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं की मी किती पळतो. फार आनंद झाला होता त्या आकड्याचा.

आजचे त्याच्या खूप पुढे आहेत. अमेरिकेतल्या बोल्डरची स्ट्राइड कंपनी तर पळण्याची पॉवर वॅटमध्ये दाखवते.

नडगी_गुडघा_खुबा (फिजिओ, छ. संभाजीनगर)

धागा वाचून राहवलं नाही. ढबीच्या आकड्यांवर लिहिते.

सेन्सर साधारण चार गोष्टी दाखवतो. एक, मिनिटाला किती पावलं (कॅडन्स). दोन, पाय जमिनीला किती वेळ टेकतो. बहुतेकांचं २०० ते ३०० मिलिसेकंदांत येतं आणि वेग वाढला की कमी होतं. तीन, शरीर वरखाली किती होतं. हे खरं तर धडाजवळ मोजायला हवं, बुटावरून निघतो तो हिशेबानं काढलेला अंदाज. चार, पॉवर. सायकलच्या पेडलमध्ये बसवलेलं मीटर प्रत्यक्ष जोर मोजतं. बुटावरचा सेन्सर हालचाल आणि तुम्ही भरलेलं वजन यांवरून वॅट काढतो. वजन चुकीचं भरलं की वॅटही चुकले. तेव्हा "माझे इतके, तुझे इतके" अशी तुलना दोघांत करू नये.

या चारांत सगळ्यात भरवशाचा आणि कामाचा आकडा पावलांच्या गतीचा. कारण तो सरळ मोजलेला असतो आणि तुम्हाला बदलता येतो. पाऊल शरीराच्या फार पुढं टाकून टाच आपटत पळणाऱ्यांना मी गती थोडी वाढवायला सांगते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवलं, की तोच वेग ठेवून पावलांची गती ५ ते १० टक्क्यांनी वाढवली तर गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार कमी होतो. हे बदल महिनाभरात हळूहळू करायचे, एकदम नाही.

मांजराताई, तुमच्या नडगीसाठी मात्र आधी आठवड्याच्या किलोमीटरचा हिशेब. नडगीचं दुखणं बहुतेक वेळा भार अचानक वाढल्यावर येतं. तुमच्या फिजिओंनी योग्य तेच विचारलं. आणि हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, तर पळणं बंद करून हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. ते कोणताही सेन्सर सांगणार नाही.

बालाघाट_रनर

कॅडन्स १८० पाहिजे असं सगळीकडे वाचतो. माझं १६६ आहे. वाढवायचं ना मग?

नडगी_गुडघा_खुबा

@बालाघाट_रनर, तो आकडा आला कुठून ते बघा. जॅक डॅनियल्स या अमेरिकन कोचनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, जवळजवळ सगळ्यांची १८० किंवा वर होती. ते जगातले सर्वोत्तम धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगात होते. आपण सकाळी गप्पा मारत पळतो तेव्हा १६०-१७० येणं अगदी साहजिक आहे. उंची, वेग, चढ, सगळ्यानं फरक पडतो. दुखत नसेल तर १६६ ला हात लावू नका. दुखत असेल तर १६६ चे ५ टक्के म्हणजे आठ पावलं, तेवढंच पुरे.

पायवाट (धाराशिव)

फिजिओ मॅडमचा प्रतिसाद आवडला. पण त्यातूनच माझा मुद्दा पुढे येतो. पावलांची गती मोजायला यंत्र कशाला? अर्धा मिनिट उजवा पाय किती वेळा पडला ते मोजा आणि चौपट करा. झाली मिनिटाची पावलं. मोबाइलवर ठरावीक ठेका देणारा मेट्रोनोम फुकट मिळतो. मी घाटात असंच करतो.

सिडकोकर

@पायवाट, अगदी बरोबर, आणि ज्याला तेवढंच हवं त्यानं तेच करावं. फरक असा की मोजायला लागलं की माणूस ढब बदलतो. सेन्सर मात्र शेवटच्या दमलेल्या दोन किलोमीटरमध्येही मोजत असतो, आणि दुखापत तिथंच होते. माझ्या लांब पल्ल्यात पंधरा किलोमीटरनंतर पाय टेकण्याचा वेळ वाढत जातो हे मला त्यातूनच कळलं. आता त्या टप्प्यावर मी वेग उतरवतो.

साबळेंबद्दलही लिहितो. शाळेची वाट हा पाया झाला. पुढं लष्करात गेल्यावर शिस्तशीर प्रशिक्षण मिळालं, नंतर अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जलाही सराव केला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ८:११.२० वेळ देऊन रौप्य मिळालं. सुवर्ण किती अंतरानं हुकलं? ०.०५ सेकंदानं. त्या वेगाला ते जमिनीवर जेमतेम एक फूट भरतं. या पातळीवर मोजमापाशिवाय पान हलत नाही.

पायवाट (धाराशिव)

मान्य, त्या पातळीवर मान्यच. माझी काळजी वेगळी आहे. आपल्या भागात पोरं कर्ज काढून अकादमीची फी भरतात. त्यांना असं वाटायला नको की यंत्र नाही म्हणून आपण मागे पडलो.

जुना_ओव्हरसियर (लातूर)

पायवाट, या मुद्द्यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

शेतातली_वाट (परभणी)

कुणीच चिखलावर बोललं नाही. मी कृषी विद्यापीठाच्या आतल्या रस्त्यानं पळतो आणि अधूनमधून शेताच्या कडेनं.

पाऊस पडून गेला की काळी माती बुटाला धरते. पन्नास पावलांत तळव्याखाली भाकरीएवढा थर बसतो, कडा बाहेर येतात आणि पाय उचलताना मांडीपर्यंत ओढ जाणवते. तेव्हा सेन्सरवर बघा: टेकण्याचा वेळ वाढलेला, पावलांची गती उतरलेली, आणि पाऊल टेकल्यावर मागं घसरतं म्हणून अंतरही थोडं भलतंच. वर सांगितलेला "क्षणभर स्थिर" हा नियम घसरड्यात मोडतो. म्हणून मी चिखलातल्या दिवसाला किलोमीटर धरतच नाही, फक्त मिनिटं लिहितो.

सेन्सर स्वतः टिकतो, पाण्याला घाबरत नाही. तुटते ती क्लिप. माझी एका पावसाळ्यात मोडली, नवी मागवायला कंपनीनं महिना लावला. घेताना जादा क्लिप घ्या, आणि लेसचा एक पदर सेन्सरवरून फिरवून गाठ मारा, म्हणजे क्लिप मोडली तरी सेन्सर रानात पडत नाही. धुताना ब्रशनं घासू नका, माती वाळू द्या आणि मग टिचकीनं पाडा. बॅटरी काहींत चार्ज करायची असते, काहींत सीआर२०३२ ची नाण्यासारखी असते. ती तालुक्यात घड्याळजीकडंही मिळते. मी म्हणून तसलाच घेतला.

रातराणी_पहाट (हिंगोली)

एक गोष्ट बायकांसाठी लिहिते, ती इथं अजून आली नाही.

मी लहान गावात पळते. घड्याळावर जीपीएस चालू ठेवलं की रोजचा रस्ता, घरापासून निघायची वेळ, सगळं नकाशावर चढतं. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर लष्करी तळांचे रस्ते उजळून दिसले होते, तेव्हा जगभर गाजलं होतं. सैनिकांचं जे झालं ते एकट्या पळणाऱ्या बाईचं होऊ शकतं. कुणी रोज साडेपाचला कुठल्या वळणावर असतं हे परक्याला कळायला नको.

फूटपॉड असेल तर घड्याळ इनडोअर मोडवर (आत पळण्यासाठीचा) ठेवून बाहेर पळता येतं. जीपीएस बंद, नकाशाच तयार होत नाही, पण किलोमीटर आणि वेग दोन्ही मिळतात. मी सेन्सर घेतला तो याच कारणासाठी. ढबीचे आकडे मी क्वचितच बघते. आणि ज्यांच्याकडे फक्त जीपीएस आहे त्यांनी ॲपच्या सेटिंगमध्ये घराभोवतीचा भाग लपवायची सोय आहे ती आजच चालू करा.

मांजराकाठ

रातराणी, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मनापासून आभार. आत्ता जाऊन सेटिंग बदलली.

हुरडापार्टी (जालना)

आमच्या गल्लीत वेगाचा सराव कुत्री करून घेतात. त्यांचं कॅलिब्रेशन पक्कं आहे, रोज त्याच खांबापर्यंत सोडतात.

बालाघाट_रनर

@हुरडापार्टी 😄 आमच्याकडे ते काम माकडं करतात. कपिलधारच्या वाटेवर केळी घेऊन पळू नका, एवढंच सांगतो.

जुना_ओव्हरसियर (लातूर)

मंडळी, मूळ प्रश्नाकडे येऊ. ताईंनी विचारलं होतं की तीनपैकी कोणता आकडा खरा. त्याचं उत्तर घरच्या घरी काढता येतं.

ट्रेडमिलपासून सुरू करा. यंत्र पट्ट्याच्या फेऱ्यांवरून अंतर काढतं. पट्टा झिजला किंवा सैल झाला की ते चुकतं आणि जिमवाले बघत नाहीत. मशीन बंद असताना पट्ट्यावर खडूनं आडवी रेघ मारा, टेप लावून पट्टा हातानं सरकवत पूर्ण लांबी मोजा. समजा ३.२० मीटर भरली. मग कुणाला तरी त्यावर पळायला लावा, कारण माणसाच्या वजनानं पट्टा किंचित मंदावतो, आणि दोन मिनिटांत रेघ किती वेळा आली ते मोजा. समजा ९० वेळा. ३.२० गुणिले ९० म्हणजे २८८ मीटर दोन मिनिटांत, ताशी ८.६४ किलोमीटर. पडद्यावर ९ असेल तर यंत्र वाढवून सांगतंय.

सेन्सरचंही तसंच. मोजलेल्या मैदानावर पहिल्या लेनमधून चार फेऱ्या, आपल्या रोजच्या वेगानं. सेन्सरनं १५६८ दाखवले आणि खरे १६०० आहेत, तर १६०० भागिले १५६८ म्हणजे १.०२. हा गुणक ॲपमध्ये किंवा घड्याळात भरायचा. जमलं तर आठ फेऱ्या करा, अंतर जास्त तेवढी चूक कमी. काही नवे सेन्सर न जुळवताही बरेच अचूक असतात, तरी एकदा ताडून बघावं.

आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर विसंबू नका. राष्ट्रीय महामार्गाचा दगड पिवळ्या डोक्याचा, राज्यमार्गाचा हिरव्या. रस्ता सरळ केला, वळण काढलं, बाह्यवळण आलं, तरी जुने दगड कधीकधी जागेवरच राहतात. हे मी नोकरीत डोळ्यांनी पाहिलंय.

गोदाकाठ

काका, मग मॅरेथॉनचं अंतर कसं मोजतात? माझ्या घड्याळात दर वेळी ४२.५ च्या पुढं जातं आणि लोक आयोजकांना शिव्या देतात.

जुना_ओव्हरसियर (लातूर)

@गोदाकाठ, प्रमाणित मार्ग सायकलनं मोजतात. चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावतात, आधी टेपनं आखलेल्या अंतरावर सायकल जुळवतात आणि मग वळणांवर आतून, कमीत कमी अंतराच्या रेषेवरून चालवतात. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जादा धरतात, मॅरेथॉनला तो ४२ मीटर होतो. बाकीची वाढ आपण गर्दीत बाहेरून वळतो त्याची आणि जीपीएसची. प्रमाणित मार्ग असेल तर आयोजकांचा काही दोष नाही.

शेतातली_वाट (परभणी)

काकांचा प्रतिसाद प्रिंट काढून जिममध्ये चिकटवावा असा आहे.

नडगी_गुडघा_खुबा

अजून एक उपयोग राहिला. सेन्सर बुटाशी जोडला की त्या बुटाचे एकूण किलोमीटर ॲप जमा करतं. पळायचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात. वरून नवे दिसतात पण आतला फोम दबलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना बूट कधी घेतले हेच आठवत नाही. सेन्सर नसेल तर बुटाच्या जिभेवर आतून मार्करनं खरेदीची तारीख लिहा आणि वहीत किलोमीटर जोडत जा.

उन्हाळ्याबद्दलही सांगते. बेचाळीस अंशांचे दिवस आले की तोच वेग, तेच वॅट ठेवले तरी नाडी चढते, कारण शरीराला थंड ठेवायचं काम वाढतं. उन्हाचा हा भार पायावरच्या सेन्सरला नीट कळत नाही. मार्च ते जून नाडी बघून पळा, पायाचे आकडे दुय्यम.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल शाळा सुटल्यावर जिममध्ये खडू घेऊनच गेले. ओव्हरसियर काकांच्या पद्धतीनं मोजलं. ट्रेडमिल जवळजवळ आठ टक्के वाढवून सांगते. म्हणजे तिच्या ५ चे खरे ४.६ होतात. घड्याळाचे ४.३ तर त्याहून कमी. मशीन आणि घड्याळ दोन्ही चुकत होते, आणि उलट दिशांना! जिमच्या मालकांना दाखवलं, त्यांनी पट्टा आवळायला माणूस बोलावलाय.

मी ठरवलंय ते असं. सेन्सर घेणार, पण पॉवरवाला नको, नाण्याच्या बॅटरीचा साधा. मला हवं ते एवढंच, की ट्रेडमिल, मैदान आणि रस्ता या तिन्ही ठिकाणी एकच माप. आठवड्याचा खरा आकडा मिळाला की फिजिओंसमोर वही ठेवता येईल. पावलांची गती महिन्यातून एकदा बघेन. आणि रातराणीचा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा ठरला, पहाटे जीपीएस बंद.

पायवाट दादा, तुमचं म्हणणंही घेतलंय. आमच्या शाळेच्या मैदानावर भरतीची मुलं येतात. त्यांना दुसऱ्या लेनचं गणित मी फळ्यावर काढून दाखवलं. सगळे आतून पळायला लागले, पण आता आतल्या लेनसाठी भांडतात.

काका, एक राहिलं. आमचं मैदान चारशेचं आहे की नाही हे मला टेपनं बघायचं आहे. वळणावर टेप धरायची कशी?

जुना_ओव्हरसियर (लातूर)

ताई, वळण टेपनं मोजायचंच नाही. अर्धवर्तुळाचा मध्य शोधा, तिथं खुंटी ठोका, त्रिज्या मोजा, बाकी गणित. दोन सरळ रेषा तेवढ्या टेपनं. आतला कठडा नसेल, नुसती फक्कीची रेघ असेल तर ३० ऐवजी २० सेंटीमीटर बाहेरून धरतात, हे विसरू नका. पन्नास मीटरची पोलादी टेप माझ्याकडे आहे. कापडी टेप ताणली जाते, ती आणू नका. मी येत्या रविवारी लातूरहून सकाळच्या गाडीनं येतो. दोन पोरं आणि एक हातोडी तयार ठेवा.

भरती_२० (बीड)

काका आमी बी येऊ का? बीडहून अंबाजोगाईला पहिली गाडी हाय. खुंट्या मी आणतो.